बर्डीच्या "भुयारी स्टेशन"चं भूत: नववीतल्या एका मुलीचं प्रकरण

नागपूर मेट्रोला भुयारी स्टेशन एकही नाहीये. हे आधीच सांगून टाकते, कारण हे अख्खं प्रकरण बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, खाली असलेल्या एका भुयारी स्टेशनबद्दलच आहे. खापरीकडची थोडी लाइन जमिनीवर आहे, बाकी सगळी खांबांवरून जाते, मार्च 2019 ला पहिली गाडी सुरू झाली तेव्हाही आणि 11 डिसेंबर 2022 ला ऑरेंज, ॲक्वा दोन्ही लाइनी पूर्ण झाल्या तेव्हाही. सीताबर्डी इंटरचेंजला तर गाडी पकडायला वरच चढत जावं लागतं. तरी आमच्या शाळेतल्या अर्ध्या नववीला पक्कं माहीत होतं की खाली अजून एक स्टेशन आहे, बंद केलेलं, आणि तिथे रात्री शेवटची गाडी थांबते.

मी या वर्गाची वर्गशिक्षिका, विज्ञान शिकवते. हे लिहायचं कारण असं की अशा गोष्टी प्रत्येक शाळेत फिरतात आणि त्यावर आपल्याकडे दोनच उपाय ठरलेले असतात, एक तर हसून सोडून द्यायचं नाहीतर कोणाकडे तरी "दाखवायला" न्यायचं. या मुलीच्या बाबतीत दोन्हीने नुकसान झालं असतं. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय.

तर सुरुवात एका व्हॉइस नोटने झाली. कोण्या माणसाचा जड आवाज, मागे पावसाचा साउंड टाकलेला, आणि गोष्ट अशी की 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईत मेलेले भोसल्यांचे शिपाई जिथे पुरले तिथेच मेट्रोवाल्यांनी खोदलं, स्टेशन बांधलं, मग कामगारांना रात्री किंकाळ्या ऐकू यायला लागल्या म्हणून ते बंद केलं. पण साडेदहाची शेवटची गाडी तिथे थांबतेच. गाडी यायच्या आधी बोगद्यातून थंड वारा येतो, खांबाआड कोणीतरी उभं दिसतं, गाडीच्या काचेत आपल्या चेहऱ्यामागे दुसरा चेहरा दिसतो. आणि शेवटी, आवाज एकदम बारीक करून, ज्यांनी रुळावर स्वतःचा जीव दिला ते सगळे तिथे अडकलेत, त्यांना मुक्ती नाही.

पोट्ट्यांना मजा आली. स्टेटसला लावलं, एकमेकांना घाबरवलं, "बे तुझ्या मागं उभा आहे" वगैरे. आठवड्याभरात ओसरलं पण असतं.

एका मुलीचं ओसरलं नाही. ती हिंगणा रोडकडून रोज मेट्रोने यायची, बर्डीला उतरून चालत शाळेत. आधी वडिलांच्या मागे लागून गाडीवर यायला लागली, वडील एमआयडीसीत शिफ्टला, त्यांना सकाळी जमेना, मग उशिरा यायला लागली, मग अधूनमधून गैरहजर. अभ्यासात बरी, वर्गात शांत, तक्रार कधी नाही, म्हणजे अशा मुलींकडे लक्ष सगळ्यात उशिरा जातं. शेवटी आईच शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, मेट्रोचं नाव काढलं की रडून राहिली. रात्री झोपत नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं काही असंन, एकाकडे घेऊन जाऊ. मले काही समजून नाही राहिलं."

त्या "एकाकडे" म्हणजे कुठे ते मी विचारलं नाही, पण एवढं स्पष्ट सांगितलं की भूत उतरवतो म्हणून कोणी पोरीला मारलं, चटके दिले, धूर दिला, बांधून ठेवलं तर तो गुन्हा आहे, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा नेमका त्याच्यासाठीच आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम आपल्या नागपुरातूनच उभं राहिलंय, इथे मदत मागायला लांब जावं लागत नाही. आईला ते पटलं. आजीचं मात्र मला वाईट वाटलं नाही, तिने पोरीची भीती खरी मानली होती, घरात बाकी सगळे "नाटक करते" म्हणत होते. उपाय चुकीचा होता पण नातीचं ऐकलं फक्त आजीने.

आता "भूतबित काही नसतं" असं सांगून विषय संपवण्याबद्दल. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मलाही भूत नसतं असंच वाटतं, तरीही मी हे वाक्य घाबरलेल्या मुलासमोर पहिलं वाक्य म्हणून बोलत नाही. ते ऐकलं की मूल मान डोलावतं आणि पुढचं सांगणं बंद करतं. मग भीती तिथेच राहते, फक्त आता ती लपून राहते. त्यापेक्षा गोष्ट समोर घ्यायची आणि विचारायचं की हे वाक्य कुठून आलं, ते कुठून आलं.

म्हणून मी तेच केलं, तिला एकटीला न काढता सगळ्या वर्गासोबत. व्हॉइस नोटमधलं एकेक वाक्य फळ्यावर लिहून काढलं. ज्याचा पत्ता लागेल ते पुसायचं.

1817 चं वाक्य सोपं होतं. लढाई खरी, 26 आणि 27 नोव्हेंबरला झाली, भोसल्यांचं सैन्य एका बाजूला आणि ईस्ट इंडिया कंपनीचं दुसऱ्या, टेकडीवर किल्ला अजून उभा आहे. पण स्टेशन तर खांबांवर आहे, मग खाली खोदलं काय? खांबांचा पाया खोदला, त्याच्यात प्लॅटफॉर्म मावत नाही. हे पोरांनीच सांगितलं.

वाऱ्याचं वाक्य मला सगळ्यात आवडलं, कारण चोरी पकडली गेली ती त्याच्यावरून. मी विचारलं, बर्डीला गाडी यायच्या आधी वारा येतो का? रोज येणाऱ्या पोरांनी डोकं खाजवलं, कोणी म्हणालं मॅडम तिथे तर वारा नेहमीच असतो, उंचावर आहे ना. बरोबर. गाडीच्या आधी पुढून ढकललेला वारा ही फक्त बोगद्यातली गोष्ट. बोगद्यात गाडी जवळपास पूर्ण तोंड भरून धावते, पुढच्या हवेला बाजूला सरकायला जागा नसते, मग ती गाडीच्या आधी प्लॅटफॉर्मवर येऊन पोचते, गाडी दिसायच्या कितीतरी आधी. शाळेच्या दुरुस्तीतून उरलेला प्लास्टिकचा पाइप होता, त्याच्या एका तोंडाशी कागदाची पट्टी चिकटवली आणि दुसऱ्या तोंडातून कापडाचा घट्ट बोळा काठीने ढकलला. बोळा अजून आतच होता आणि इकडे कागद फडफडायला लागला. मग पाइप काढून उघड्या टेबलावर तोच बोळा ढकलला तर कागद ढिम्म. म्हणजे गोष्ट सांगणारा माणूस ज्या स्टेशनबद्दल बोलत होता ते खरंच जमिनीखाली आहे, पण ते नागपुरात नाही.

ते कोलकात्यात आहे. देशातली पहिली मेट्रो तिथली, 24 ऑक्टोबर 1984 ला एस्प्लनेड ते भवानीपूर सुरू झाली, आणि दक्षिणेकडचा रवींद्र सरोवर स्टेशनचा भाग 1986 ला. या रवींद्र सरोवरची भूतकथा वर्षानुवर्षं सांगितली जाते आणि तिच्यात साडेदहाची शेवटची गाडी, खांबाजवळ दिसून नाहीशी होणारी सावली, सगळं जसंच्या तसं आहे. तिथून पुढे गाडी बोगद्यातून वर येते, टॉलीगंजचं स्टेशन, ज्याला आता महानायक उत्तमकुमार म्हणतात, ते जमिनीवर आहे. म्हणजे त्या बाजूचं ते शेवटचं भुयारी स्टेशन, रात्री उशिरा रिकामं, पिवळसर उजेड, दमलेली माणसं. अशा जागी डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं असं वाटणं फार सोपं आहे. काचेतला दुसरा चेहरा पण तिथलाच. बाहेर अंधार आणि आत दिवे असले की काचेचा आरसा होतो, आणि दुहेरी काच असेल तर प्रतिबिंबं दोन पडतात, एक जरा सरकलेलं. आपलाच चेहरा दोनदा. आपल्या मेट्रोत दिवसा हे दिसणार नाही कारण बाहेर उजेड असतो. रात्री मात्र दिसेल, ते मी पोरांना मुद्दाम सांगितलं, नाहीतर कोणीतरी रात्री बघून आलं असतं आणि सगळी मेहनत वाया.

कोणीतरी विचारलं की मग तिथे यंत्रांमुळे पण काही होत असेल का. इथे मी व्हिक टँडीचं सांगितलं. हा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा इंजिनिअर, त्याच्या लॅबमध्ये लोकांना अस्वस्थ वाटायचं, त्याला स्वतःला बाजूला एक राखाडी आकृती दिसली, आणि शोधल्यावर एक पंखा निघाला जो कानाला ऐकू न येणारा, साधारण 19 हर्ट्झचा आवाज करत होता. 1998 ला त्याने ते छापलं. सगळ्या भुतांचं उत्तर हेच असं म्हणता येत नाही, पुढच्या प्रयोगांत सगळ्यांना तसं जाणवलं नाही, पण माणसाने घाबरून पळायच्या ऐवजी पंखा शोधला हे मला पोरांना दाखवायचं होतं.

किंकाळ्या मात्र कोलकात्याच्या नव्हत्या. त्या लंडनच्या असाव्यात असं मला वाटतं, कारण भुयारी स्टेशनातली किंकाळी म्हटलं की जगभर फॅरिंग्डनच सांगतात. जगातली पहिली भुयारी रेल्वे 10 जानेवारी 1863 ला लोकांसाठी खुली झाली तिचं एक टोक म्हणजे हे स्टेशन. तिथे ॲन नेलर नावाची तेरा वर्षांची पोरगी ओरडते म्हणतात. ही पोरगी खरी होती, टोप्या शिवणाऱ्या मायलेकींकडे शिकायला ठेवलेली अनाथ, 1758 मध्ये त्यांनी उपाशी ठेवून, मारून तिचा जीव घेतला, प्रेत लपवलं, मग त्या भागातल्या गटारापाशी टाकलं. खून उघडा पडला तो चार वर्षांनी, 1762 ला दोघींना फाशी झाली. वर्ग एकदम शांत झाला हे ऐकून. त्यांच्याच वयाची होती ती.

एव्हाना फळा बराच रिकामा झाला होता. शेवटचं वाक्य उरलं, ज्यांनी जीव दिला ते अडकलेत, मुक्ती नाही. त्याच्यावर मला भर वर्गात बोलायचं नव्हतं, आत्महत्येचा विषय चाळीस मुलांसमोर असा उघडा टाकायचा नसतो, म्हणून मी डस्टर उचललं. आणि ही पोरगी, जी दिवसभरात एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "मॅडम, ते नका पुसू."

मी नाही पुसलं. तास संपल्यावर तिला थांबवलं.

मामा. आईचा सख्खा लहान भाऊ, वर्ध्याकडे राहायचा, तिच्यापेक्षा दहाबारा वर्षांनीच मोठा, तिला सायकल त्याने शिकवलेली. आदल्या वर्षी तो रेल्वेखाली गेला. घरात मुलांना सांगितलं अपघात. तेरवीला मागच्या खोलीत बायका बोलत होत्या ते तिने ऐकलं, आणि ऐकलं हे कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर घरात मामाचं नाव बंद. फोटो कपाटात गेला, आई रडेल म्हणून कोणी विषय काढायचा नाही. मग वर्षभराने एका अनोळखी माणसाच्या आवाजात तिला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की असे लोक कुठे जातात.

तिला भुताची भीती नव्हती हो. तिला भीती होती की मामा अडकला आहे. आणि तिने विचार पण केला होता त्याच्यावर, मला म्हणाली, "मामा नागपूरचा नव्हता, पण रूळ तर सगळे जोडलेले असतात ना मॅडम?"

या प्रश्नाला मी आधी सरळ उत्तर दिलं. नाही, जोडलेले नाहीत. रेल्वेच्या रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर आहे आणि नागपूर मेट्रोच्या 1435, एकाची गाडी दुसऱ्यावर चालूच शकत नाही. तिने ते आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. चौदा वर्षांच्या पोरीने इतका नेमका प्रश्न विचारला तर त्याला नेमकं उत्तर मिळायलाच पाहिजे, त्याच्या जागी मिठी मारून चालत नाही. मिठी नंतर.

आणि नंतर तिला बेथनल ग्रीनचं सांगितलं, एकटीला. लंडनच्या पूर्व भागातलं भुयारी स्टेशन, दुसऱ्या महायुद्धात अजून रेल्वेसाठी सुरूही झालं नव्हतं, बॉम्बपासून लपायला लोक तिथे उतरायचे. 3 मार्च 1943 च्या रात्री भोंगा वाजला, लोक जिन्याकडे निघाले, तेवढ्यात जवळच्या बागेतून विमानविरोधी नव्या रॉकेटांचा आवाज झाला, तो आवाज कोणी कधी ऐकलेला नव्हता, सगळ्यांना वाटलं बॉम्ब पडला. जिना ओला, अंधार, मधे धरायला कठडा नाही. खाली एक बाई लेकराला घेऊन अडखळली आणि तिच्यावर माणसं पडत गेली. 173 लोक गेले, त्यातली 62 मुलं. तिथे त्या रात्री एकही बॉम्ब पडला नव्हता. आणि सरकारने काय केलं, तर चौकशीचा अहवाल जवळपास दोन वर्षं दाबून ठेवला, शत्रूला कळू नये म्हणून, आणि ज्यांची माणसं गेली त्यांनी पण वर्षानुवर्षं घरात तोंड उघडलं नाही. पुढे 1981 मध्ये रात्री स्टेशन बंद करणाऱ्या एका कर्मचाऱ्याला आधी लहान मुलांचं रडणं आणि मग बायकांचा आकांत ऐकू आला अशी गोष्ट निघाली.

लोक ही गोष्ट अंगावर काटा यावा म्हणून सांगतात. मला त्याच्यात दुसरं दिसतं. इतके लोक गेले आणि त्यांच्याबद्दल बोलायची सोयच ठेवली नाही, तर लोक भुताच्या नावाने बोलणार. शेवटी वाचलेल्यांनी आणि घरच्यांनी पैसे जमवून तिथे स्मारक उभं केलं, 2017 ला पूर्ण झालं, जिन्याच्या आकाराचं, त्याच्यावर 173 नावं कोरली आहेत. तिने विचारलं, मग आता आवाज येतो का? मी म्हटलं मला वाटत नाही तो कधी येत होता, पण आता तिथे आलेल्या माणसाला नावं वाचता येतात, एवढं नक्की.

पुढचं काम माझं नव्हतं आणि हे शिक्षकांनी ओळखायला पाहिजे. झोप उडालीये, जेवण कमी झालंय, घरात आत्महत्या झालीये, मुलगी मृत्यूबद्दल विचार करतेय, इथे शिक्षिका पुरत नाही. मी तिला सरळ विचारलं की तुझ्या मनात स्वतःचं काही बरंवाईट करायचं येतं का. हे विचारल्याने डोक्यात तसलं काही भरतं असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट मूल मोकळं होतं. ती म्हणाली नाही, आणि मग खूप रडली. तिला सांगूनच मी आईला बोलावलं, वडिलांना पण. आई आधी गप्प, मग म्हणाली, "आम्ही लेकरायले अपघातच सांगितलं होतं मॅडम, आता काय सांगू?" खरं सांगा म्हटलं, कमी शब्दात सांगा, कसं झालं त्याची वर्णनं नकोत, मामा आजारी होता आणि तो आजार मनाचा होता, त्याला मदत मिळाली नाही, आणि तुझी त्यात काहीच चूक नाही. समुपदेशकाकडे पाठवलं, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर दोघांच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावला, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आईला त्याची मुलीइतकीच गरज होती, तिचा तर भाऊ गेला होता.

आजीला कोणाकडे न्यायची गरज उरली नाही. तिनेच म्हणे कपाटातून फोटो काढला, पुसला आणि बाकीच्यांसोबत लावला.

रवींद्र सरोवरबद्दल एक गोष्ट राहिली, ती लिहायलाच पाहिजे. तिथली कथा ज्या मृत्यूंवरून निघाली ते आत्महत्येचे मृत्यू आहेत, खरी माणसं, खरी घरं मागे राहिलेली. आणि आपण त्याची रील बनवतो. "झपाटलेलं स्टेशन" म्हणून एखादी जागा गाजवायची आणि वर आत्महत्येचं आकर्षण तिला चिकटवायचं हे धोक्याचं आहे, बातम्या कशा द्याव्या याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं आहेच की जागा आणि पद्धत गाजवू नका, त्याने आधीच खचलेल्या माणसाला वाट दिसते. माणसं वाचतात ती कठड्याने, प्लॅटफॉर्मच्या कडेला लागणाऱ्या दरवाजांनी, जे कोलकात्याच्याच 2020 ला सुरू झालेल्या पूर्व-पश्चिम लाइनीवर पहिल्यापासून आहेत, आणि वेळेवर विचारपूस करणाऱ्या माणसाने. तुमच्याकडे असला ऑडिओ आला तर बाकीचं भूत ठेवा हवं तर, मला भूतकथांचं वावडं नाही, कोजागिरीला गच्चीवर मीच सांगते, पण ते शेवटचं वाक्य असेल तर पुढे पाठवू नका.

मुलगी आता दहावीत आहे. सकाळी मेट्रोनेच येते. संध्याकाळच्या गाडीला अजून मैत्रीण सोबत लागते आणि त्याबद्दल तिला कोणी टोकत नाही. धाकटा भाऊ चौथीत आहे, त्याला घरच्यांनी अजून अपघातच सांगितलंय. समुपदेशकाचं म्हणणं आहे की त्यालाही कळायला हवं, दुसऱ्याकडून कळायच्या आधी, आणि आईने दिवाळीच्या सुट्टीत सांगते असं कबूल केलंय.